आधी ट्रॅक्टर, मग रान

“वजान किती म्हनलासा?”

“सातशें ऐंशी किलो, अण्णा.”

“आन् त्यात निव्वळ लोखांड किती?”

व्यासराज थबकला. चेन्नईत पूनमल्लीच्या रस्त्यावरच्या त्या शोरूममध्ये तो अकरा वर्षं ट्रॅक्टर विकत होता. डिझेल किती पितो विचारणारे आले, सीट मऊ आहे का ते बसून बघणारे आले. एका गड्यानं तर गाणी लावायचं यंत्र बसवून द्या म्हणून दोन तास ठाण मांडलं होतं. पण ट्रॅक्टरातलं निव्वळ लोखंड वेगळं काढून मागणारा हा पहिलाच.

“अस्की, सगळें लोखंडच की, अण्णा. वरचें झाकण तेवढें प्लास्टिक आहे.”

“बगा! म्हंजे भेसळ हाय.” तुकोजीनं वळून बायकोकडं बघितलं. “तुळजा, आयकलंस का? टिचकी मारल्याबरूबर वळाकलं म्या.”

तुळजा टायरांच्या जाहिरातीखाली खुर्ची धरून बसली होती. “मारा अजून,” ती म्हणाली. “आपल्या लग्नात ताशा न्हवता. तेवढी तरी हौस फिटंल.”

तुकोजी गलाईवाला. आटपाडीकडचा. आमच्या तिकडं रानात कुसळं उगवतात आणि घरात पोरं. पोरं मिसरूड फुटलं की सोनं गाळायला देशभर पांगतात. तुकोजी एकोणिसाव्या वर्षी मद्रासला उतरला. मद्रासचं चेन्नई झालं, तुकोजीच्या डोक्याचं टक्कल झालं, पण मिंट स्ट्रीटच्या बोळातली जिन्याखालची भट्टी आहे तिथंच आहे. सोनारांनी आणलेली मोड, म्हणजे मोडके दागिने, गाळायची, तिच्यातलं तांबं-चांदी काढून सोनं चोख करायचं. त्यांच्या दुकानातला केर, चटया, पायपुसणी जाळायची आणि त्या राखेतनं सोन्याचे कण वेचायचे. तेजाबात हात घालून घालून बोटं हळद लावल्यागत पिवळी पडलेली. लोकांनी झाडून टाकलेल्यातनं सोनं काढणारा हा गडी, पण भट्टीच्या बाहेर आला की त्याला जगात सगळीकडं भेसळ दिसते.

आणि भेसळ ओळखायच्या त्याच्या दोनच रीती. एक, हातात तोलायचं. दुसरी, वाजवायचं. कुकर घेतला तो जड बघून. त्यात डाळ शिजायला एवढा वेळ लागतो की तुळजा ती आदल्या दिवशी भिजत घालते. पंखा घेतला तो जड बघून. तो मोठ्या थाटात फिरतो, वारा मात्र स्वतःपाशीच ठेवतो. पुतण्याला मुलगी बघायला गेला तेव्हा चहाची बशी हातात तोलली आणि “मानसं पोकळ हायती” म्हणून लग्न मोडून आला. त्या मुलीनं पुढं वकिली केली. तिच्या ऑफिसच्या दाराला म्हणे अख्खं सागवान आहे.

पण गड्याची खरी करामत बघायची असेल तर दुकानात नाही, घरामागं जावं. अंबत्तूरच्या पुढं एक तळं होतं. ते बुजवून कुणीतरी प्लॉट पाडले, त्यात तुकोजीनं चार ग्राउंड घेतले. म्हणजे आपल्या मापानं नऊ गुंठ्यांच्या आत. पुढं घर, मागं परसू आणि परसवात पत्र्याची शेड. त्या शेडीत कडबा तोडायचं यंत्र आहे. दावणीला जनावर एक नाही. पाण्याची मोटार आहे, विहीर नाही. पेरणीची सागवानी पाभर आहे, फवारणीचे दोन पंप आहेत, बैलांच्या गळ्यातल्या घुंगूरमाळा आहेत आणि त्या दर दसऱ्याला घासून-पुसून पुन्हा खुंटीला लागतात. शेत तेवढं नाही. बावीस वर्षं तुकोजी गावाकडच्या लोकांना सांगतोय, “फुडच्या वर्साला रान घेतूय.” दरवर्षी रान राहतं आणि एक अवजार येतं.

ह्याचं कारण साधं आहे. रान घ्यायचं म्हणजे उन्हातनं हिंडावं लागतं, बांध बघावा लागतो, मालकाच्या ओट्यावर बसून त्याच्या म्हातारीचं दुखणं ऐकावं लागतं. अवजाराला नुसतं दुकान लागतं. दुकानात पंखा असतो, चहा येतो, आणि माणूस बाहेर पडताना शेतकरी होऊनच बाहेर पडतो.

त्यात यंदा कोईमतूरच्या एका गलाईवाल्यानं गावाकडं ट्रॅक्टर घेतला. हार घातलेला ट्रॅक्टर, वर फेट्यातला हा, असा फोटो गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. चारशे लोकांनी अंगठे दाखवले. तुकोजीनंही दाखवला आणि मग तीन दिवस तो जेवणावर नीट नव्हता.

तुळजाला हे दुखणं कळलं. ती शेतमजुराची लेक. दुसऱ्याच्या रानात खुरपून खुरपून तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मद्रासच्या तीस वर्षांनीही गेले नाहीत. ह्या खेपेला तिनं नवऱ्याची वाट बघितली नाही. मुलगी सहाना अंबत्तूरलाच कंपनीत आहे. तिला रविवारी बरोबर घेऊन दोनदा एसटीसारख्या खडखडत्या बसनं उत्तिरमेरूरकडं जाऊन आली. तिथं रामस्वामी म्हणून एक म्हातारा आहे. त्याचं तीन एकर रान, मधोमध विहीर. पोरं अड्यारला ऑफिसात, मातीत पाय घालायला तयार नाहीत. म्हातारा म्हणाला, कसणारा माणूस असेल तर पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, थांबतो. त्यानंतर प्लॉट पाडणारे दारात उभे आहेतच.

तुळजानं घरी येऊन एका वाक्यात सांगितलं, “आपल्या गाठीला हाय त्यात एकच बसतंय. रान, न्हायतर टॅक्टर. टॅक्टर आला की रान गेलं.”

“आगं आधी टॅक्टर असूं दी. रान काय पळून जातंय?”

“पोंगलला पळून जातंय.”

“जाऊं दी. दुसरं गावंल.”

“बावीस वरीस झाली, अजून पयलं गावंना.”

ह्यावर तुकोजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला, जणू पोंगल तिथनं हलवता येतो का बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं शोरूमला फोन केला. तुळजा बरोबर गेली ती नवऱ्यावर नजर ठेवायला.

तर शोरूममध्ये तीन ट्रॅक्टर होते. एक अगदीच बारका, पंधरा घोड्यांचा, सरबताच्या गाडीएवढा. एक मधला, बावीस घोड्यांचा, चारी चाकं ओढणारा. आणि कोपऱ्यात पंचेचाळीस घोड्यांचा दांडगा, ज्याच्या सीटवर चढायलाच पायरी लागते. तुकोजीला अर्थातच दांडगा आवडला.

“अण्णा, तुम्हांला परसू नांगरायचें म्हणून बोलतां,” व्यासराज समजावू लागला. “परसवाला पंधराचा पुरें. सावकाश तीन एकर येतें म्हटल्यास बावीसचा बरा. मोठा तुमच्या फाटकांत शिरायचाच नाहीं.”

“बारका घिऊन तो काय मोठा व्हतोय व्हय फुडं? रेडकू हाय का ते?”

“मग आतां एक, पुढें एक घ्या, अण्णा.”

“परसवाला आन् फुडच्या रानाला एकच पायजे. दोन-दोन कशाला? म्या काय जमीनदार हाय?”

“त्येच म्हनतीया म्या,” तुळजा खुर्चीतनं म्हणाली. “तुमी जमीनदार न्हाईसा.”

व्यासराज हा तंजावरचा मराठा. त्याचे पणजोबांचे पणजोबा राजाबरोबर इकडं आले आणि इथंच राहिले. त्याच्या मराठीवर साडेतीनशे वर्षांची धूळ आहे आणि वर तमिळचा हेल. तुकोजीला वाटायचं, ह्या माणसाला कुणीतरी मराठी पोथीतनं शिकवली आणि मधली पानं वाळवीनं खाल्ली. व्यासराजला वाटायचं, हा माणूस बोलतो ते मराठी नसून घसा साफ करणं आहे. दोघंही एकमेकांना फार आदरानं वागवत, कारण दोघांनाही दुसऱ्याची कीव येत असे.

“तुमचें गांव कुठलें म्हणून विचारलें तर सांगाल काय, अण्णा?”

“आटपाडी.”

“तिथें ऐसेंच बोलतात?”

“तिथं असंच बोलत्यात. तुमी कुठं शिकलासा?”

“घरींच. आम्हीं अस्की घरीं मराठीच बोलतों.”

“बरं करतासा,” तुकोजी म्हणाला. “भाईर बोलू नगा.”

शेवटी मधल्यावर आला, पण रडत आला. सातशे ऐंशी किलो त्याच्या मनाला लागेना. त्याच्या हिशेबात ट्रॅक्टर म्हणजे किमान दीड टन. त्याहून कमी भरलं की कुणीतरी मधनं काढून घेतलंय. त्यानं मडगार्डला टिचकी मारली, बोनेटला मारली, कान लावून ऐकलं. पिवळ्या नखानं रंग खरवडून खाली काय आहे ते बघितलं. व्यासराजनं डोळे मिटून घेतले.

“वजान वाडवायला काय येतं का?”

इथं व्यासराज चुकला. तो विकणारा माणूस, त्याच्या तोंडून “येतें” निघून गेलं. पुढं नाकाला लटकवायचे लोखंडाचे ठोकळे असतात, सहा. मागच्या टायरांत पाणी भरतात. चिखलाच्या भातखाचरात नव्हे, कोरड्या ढेकळांत चाक घसरू नये म्हणून. “पण परसवाला नको, अण्णा. जड गाडी मातीला दाबते. तुमच्या परसवाला हलकीच चांगली म्हणून कंपनी सांगते.”

“कंपनी पलास्टिक लावती. तिचं काय आयकायचं? सगळं ठोकळं लावा. टायरं गळ्यापतूर भरा. मंगळवारी घरी आना, चालवून बगतो. मनाला आला की तिथंच सही.”

परतताना रिक्षात तुळजा म्हणाली, “सही केलासा तर म्या रामस्वामीला फोन करून न्हाय म्हनून सांगनार. मंग पुन्यांदा रानाचं नाव काढायचं न्हाय. जन्मात.”

“कर की.”

तो बोलला खरा, पण “जन्मात” ह्या शब्दाला त्यानं बाहेर बघितलं.

मंगळवारच्या आधी तीन दिवस मार्गळीचा, म्हणजे तिकडच्या मार्गशीर्षातला, पाऊस पडून गेला. व्यासराजनं फोन केला, “अण्णा, माती ओली आहे. चार दिवस थांबूं काय?” तुळजा चुलीपाशी होती. “वापसा तरी येऊं द्या,” तिनं तिथनंच सांगितलं. तुकोजीनं क्षणभर वापसा म्हणजे काय ते आठवायचा प्रयत्न केला. लहानपणी हा शब्द त्याच्या बापाच्या तोंडात रोज असायचा. पाऊस झाल्यावर माती ना चिकट ना कडक, अशी औताला राजी होते तो दिवस. छत्तीस वर्षं भट्टीपुढं बसून तो शब्द त्याच्या डोक्यातनं घसरून पडला होता. न आठवलेल्या गोष्टीला भीक घालायची नाही, हा त्याचा स्वभाव.

“पानी आमाला काय नवीन हाय?” तो फोनवर म्हणाला. “आना तुमी.”

मंगळवारी सकाळी ट्रॅक्टर मोठ्या ट्रेलरवर चढून आला आणि गल्लीत आडवा अडकला. मागं श्रीपेरुंबुदूरला जाणारी कंपनीची बस. कामावर निघालेली पंचवीस-तीस माणसं खिडक्यांतनं मुंडकी काढून बघू लागली. बसवाल्यानं हॉर्न दिला. तुकोजीला वाटलं, सलामी दिली. त्यानं हात केला.

त्यानं धोतर नेसलं होतं. एरवी तो शर्ट-पँटीत भट्टीवर जातो. फेटाही बांधला होता, पण चेन्नईच्या घामट हवेत तो सारखा कानावर उतरत होता. सहानाला सुट्टी काढायला लावली होती, फोटोसाठी.

“अप्पा, फोटो आत्ता काढू की खाली उतरल्यावर?”

“चालवताना काड. आन् मागनं संडास दिसू दिऊ नगस.”

व्यासराजनं ट्रॅक्टर उतरवून घराच्या कडेनं परसवात आणला; ट्रेलर मात्र गल्लीत तसाच अडकलेला आणि बसमधनं परसू दिसत होता. मग त्यानं चावी दिली आणि मागच्या कडीला धरून उभा राहिला. नाकाला सहा ठोकळे, टायरांत पाणी, मागं रोटाव्हेटर. बावीस घोड्यांचा तो ट्रॅक्टर त्या ओझ्यानं पुढं झुकून उभा होता. तुकोजीनं उभ्या आयुष्यात स्कूटरपलीकडं काही चालवलं नव्हतं. पण स्कूटरही जड बघूनच घेतली होती, त्यामुळं त्याला दोन्हीत फारसा फरक वाटला नाही.

इंजिन सुरू झालं. तुळजा गच्चीवरनं वाळत घातलेल्या मिरच्या आवरत होती. “जांभळाकडं जाऊ नगा,” तिनं मोठ्यानं सांगितलं. “तिथं टाकी हाय!”

“टाकी पल्ल्याड हाय, भितीकडं! घर म्या बांधलंय!”

घर त्यानंच बांधलं होतं, फोनवरनं. पाया खणला तेव्हा तो मिंट स्ट्रीटला होता, स्लॅब पडला तेव्हा मिंट स्ट्रीटला होता. संडासची टाकी कुठं घ्यायची ते गवंड्यानं तुळजाला विचारलं होतं आणि तुळजानं काठीनं रेघ मारून दाखवलं होतं.

पहिला फेरा झकास झाला. रोटाव्हेटरनं ओली माती उडवली, बसमधल्या कुणीतरी शिट्टी मारली, सहानानं फोटो काढला. फोटोत तुकोजी खरोखर चांगला दिसतो. घरी अजून आहे. दुसऱ्या फेऱ्याला त्यानं ट्रॅक्टर जांभळाकडं वळवला. व्यासराज मागनं “ब्रेक, अण्णा, ब्रेक” म्हणत होता. अण्णा ब्रेक शोधत होते.

आवाज फार झाला नाही. मडकं फुटावं तेवढाच. मागचं उजवं चाक हळूच खाली बसलं, मग ट्रॅक्टर तिरका झाला आणि सहा ठोकळ्यांचं नाक आभाळाकडं उचललं गेलं. व्यासराज उडी टाकून बाजूला पडला. तुकोजी सीटवरच राहिला, स्टिअरिंग धरून, फेटा गळ्यात. मग वास आला.

वास गल्लीत गेला तशी बसच्या खिडक्या एका मागोमाग एक बंद झाल्या. मघाशी शिट्टी मारणारा आता नाक दाबून हसत होता. बसवाल्यानं ट्रेलरवाल्याला तमिळमध्ये अशी काही कानउघाडणी केली की ट्रेलर दोन मिनिटांत गल्लीबाहेर गेला.

“अण्णा, लागलें काय?”

“न्हाय,” तुकोजी म्हणाला. “जड हाय म्हनून टिकला. हलका असता तर उलटला असता.”

“हलका असता तर टाकी फुटलीच नसती, अण्णा,” व्यासराज चिखल झटकत म्हणाला. अकरा वर्षांत त्यानं गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं असेल.

मग काढायची खटपट. लटकवलेले सहाच्या सहा ठोकळे पुन्हा काढले, एकेक. तुकोजीनं स्वतः उचलले, कारण लावायला त्यानंच लावले होते. चौथ्याला त्याच्या कमरेत चमक भरली. टायरातलं पाणी सोडलं. चाकाखाली द्यायला लाकूड हवं होतं. तुळजा गच्चीवरनं खाली आली, कुणाला काही न विचारता शेडीत गेली, आणि सागवानी पाभर ओढत बाहेर आणली.

“आगं ती पाभर हाय! सागवान हाय!”

“बावीस वर्सांनी कामाला लागली तिची ती,” तुळजा म्हणाली आणि पाभर चाकाखाली ढकलली. पाभरीचा दिंड कडाडला, चाकानं पकड घेतली, ट्रॅक्टर वर आला. चालवत व्यासराज होता. हलका झालेला ट्रॅक्टर परसवात असा गर्रकन वळला की तुकोजीला तो दुसराच वाटला.

व्यासराज भला माणूस, पण त्याला महिना भरायचा होता. हातपाय धुऊन तो फाइल घेऊन आला. “झालें तें झालें, अण्णा. गाडी बरी आहे म्हणून तुम्हींच पाहिलां. आज सही केली तर रोटाव्हेटर फुकट म्हणून साहेब म्हणाले.”

तुकोजीनं पेन घेतलं. तुळजानं पदराला हात पुसले आणि मोबाइल हातात घेतला. ती रामस्वामीला काय सांगणार ते दोघांनाही माहीत होतं. सहाना एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत उभी राहिली.

सही करायला टेकावं म्हणून तुकोजी शेडीच्या ओट्यावर बसला. पायाशी रोटाव्हेटरनं उकरलेली माती होती. आता जन्मभर केर चाळलेला माणूस. समोर ढीग दिसला की त्याचा हात आपोआप जातो. त्यानं मूठभर उचलली, तळहातावर पसरली, अंगठ्यानं सारवली, हळूच फुंकर मारली. सोनारानं आणलेल्या केराला मारतो तशी. विटेचा चुरा निघाला. फेसाच्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या. बाटलीचं टोपण, बांगडीचा तुकडा, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. त्यानं दुसरी मूठ घेतली. त्यातही तेच. तळं बुजवताना शहरानं जे जे नको होतं ते सगळं इथं आणून टाकलेलं, आणि त्यावर हा बावीस वर्षं अवजारं जमवत बसला होता.

ह्या माणसाचे दोष ढीगभर. पण छत्तीस वर्षांत त्यानं कुठल्याही सोनाराला, केरात नसलेलं सोनं आहे म्हणून सांगितलेलं नाही. धंद्यात तेवढी एक गोष्ट त्यानं पाळली.

“ह्यात काय न्हाय,” तो म्हणाला.

“काय नाहीं, अण्णा?”

“मातीच न्हाय.”

तुळजा स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. महिनाभर तो डबा साखरेच्या शेजारी होता. तुकोजीनं रोज चहा करताना तो बाजूला सारला होता, उघडला कधी नव्हता. तिनं त्यातली उत्तिरमेरूरच्या रानातली माती त्याच्या दुसऱ्या तळहातावर ओतली.

त्यानं ती सारवली. फुंकर मारली, काही उडालं नाही. थुंकी लावून गोळी केली, वळून बघितली, नाकाशी नेली, मग जिभेला लावली. व्यासराज घाबरून बघत होता, कारण ते हात नुकतेच कुठं कुठं जाऊन आले होते.

“वाळू जरा जास्त हाय,” तुकोजी म्हणाला.

“हाय.”

“इहिरीला पानी?”

“चैतातबी मानूसभर. रामस्वामीच्या म्हातारीनं दावलं मला, दोर सोडून.”

“भुईमूग यील.”

“भुईमूग त्यो आताबी घितोय. तुमी बगाया आला असता तर शेंगा खाया मिळाल्या असत्या.”

तुकोजीनं पेन व्यासराजच्या खिशात परत खोचलं. सहीचा कागद त्यानं घडी करून कमरेला लावला, कमरेतली चमक दाबायला. “साहेब, टॅक्टर चांगला हाय तुमचा,” तो म्हणाला. “ठोकळं तेवढं काढून टाका. उगंच गिऱ्हाइकाला कशाला फसवायचं?”

व्यासराजनं फाइल मिटली. तो तंजावरी मराठीत काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण हेल तमिळचा होता.

“रान झाल्यावर पंधराचा घिऊ,” तुकोजी पुढं म्हणाला.

“बावीसचा,” तुळजा म्हणाली. “तीन एकराला बावीसचा लागतोय. त्येनी शोरूमात सांगितलं तवा तुमी टिचक्या मारत हुतासा.”

“बरं, बावीसचा. तू त्या म्हाताऱ्याला फोन लाव. म्हनावं, मालक इतवारी येतूय.”

“फोन मगाशीच केला म्या. टाकी फुटली तवाच. मालकीन येती म्हनून सांगितलंय. कागूद माझ्या नावानं हुईल.”

“तुज्या?”

“तुमच्या नावानं केला तर तुमी त्येला तोलत बसशीला.”

सहानानं तोंडावर हात धरला. तुकोजीनं थोडा विचार केला, म्हणजे मिशी चावली. मग म्हणाला, “इतवारी माझ्यासाठीबी तिकीट काडा,” आणि अंघोळीला गेला. दोन बादल्या झाल्या, तिसरी झाली, वास गेला नाही.

टाकी दुरुस्त करणारा माणूस दुपारी येणार होता. त्याच्यापुढं उभं राहायला तुळजा होती. तुकोजीनं शर्ट-पँट घातली, स्कूटर काढली आणि साहुकारपेठेतल्या भट्टीकडं निघाला. व्यासराजचा ट्रेलर कोपऱ्यावर उभा होता, चालक चहा पीत होता. ठोकळे ट्रेलरवर एका बाजूला पडले होते. तुकोजीनं त्यांच्याकडं बघितलं नाही.

मिंट स्ट्रीटच्या बोळात जिन्याखाली एक सोनार केव्हाचा वाट बघत बसला होता. दिवाळीपासून साठलेला केर त्यानं गोणीत भरून आणला होता, वर दोन चटया आणि फाटकं पायपुसणं. त्यानं नाक उडवून विचारलं, आज कसला वास येतोय?

“टॅक्टरचा,” तुकोजी तमिळमध्ये म्हणाला. “बगितला. नापास केला.”

“मग शेती?”

“तीन एकर हाय. वाळू हाय थोडी. बायकोचं हाय.” शेवटचं त्यानं जरा भरभर सांगितलं.

त्यानं गोणी ओट्यावर पालथी केली, केस आणि खिळे बोटांनी बाजूला केले, चटया कापून भट्टीत कोंबल्या. पायपुसण्याला त्यानं झटकलं, झटकलेलं परत वेचलं आणि तेही आत घातलं. पंखा सुरू केला. धूर जिन्याकडनं वर चढला, तशी वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकी आपटून लावून घेतली.

“तोंड मागं घ्या शेठ,” तुकोजी म्हणाला आणि चिमटा उचलून आगीत वाकला.